भरून येणारी रिंग

मंजिरी खातू उनवलीच्या वीजकेंद्रावर पोचली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि जे थांबवायला ती चिपळूणहून धावत आली होती ते होऊन गेलं होतं. विहिरीतलं टूल वर आलं होतं. नुसतं वर आलं नव्हतं. धुऊन पुसून, सतरंजीवर आडवं निजवून त्याची पूजाही उरकली होती. त्या तीन पुरुष लांब पोलादी नळकांड्याला झेंडूची माळ घातली होती. शेजारी पान्हे, हातोडे, वेल्डिंगची दोन मशिनं आणि कॅन्टीनचा मिक्सर ओळीने मांडले होते. टूलच्या कमरेला जिथे काळी रबरी रिंग बसते, तिथे कुणीतरी अगदी मन लावून हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली होती.

खंडेनवमी होती. आपापल्या हत्यारांची पूजा सगळेच करतात, मग साडेतीन किलोमीटर खाली राबणाऱ्या हत्यारानेच काय घोडं मारलं, असा उनवलीकरांचा सवाल होता आणि तो चुकीचाही नव्हता. म्हणून गेली चार वर्षं दर खंडेनवमीला टूल वर काढायचं, त्याला माळ घालायची आणि दिवस मावळायच्या आत परत खाली सोडायचं, अशी प्रथा पडली होती.

"किती वाजता ओढायला घेतलंत?" मंजिरीने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"साडेसहाला. नवाच्या ठोक्याला हितं हजर," सदानंद मांडवकर म्हणाले. "अडीच तासांत आनलं, बाय! घे, परसाद घे."

मांडवकर विहिरीवरचे सगळ्यात जुने माणूस. वय अठ्ठावन्न. समुद्रातल्या तेलविहिरींवर वीस वर्षं काढून मग आपल्या संगमेश्वर तालुक्यात परत आलेले. टूल खाली सोडणं आणि वर ओढणं हे त्यांच्या हुकमाशिवाय होत नसे. मंजिरी पन्नाशीची, रबराची शास्त्रज्ञ, चार संस्थांची सल्लागार. पण मांडवकरांच्या लेखी ती देवरुखच्या खातूंची पोर होती आणि 'बाय'च होती.

"वीस तास लावा म्हणून सांगितलं होतं मी, काका. मध्ये आठ थांबे घ्या म्हटलं होतं. तीन पत्रं लिहिली!"

"पत्रं शेजवलकर सायबांकडं आसतील. ग्रिडवाल्यांनी आज सकाळी सहा ते संध्याकाळी सहा येवढीच सुट्टी दिली. त्यात वीस तास कुठनं बसवू?" मग तिचा चेहरा पाहून त्यांनी हसत स्क्रीनकडे बोट दाखवलं. "आनि रिंग बघ की, ठणठणीत हाय. तूच बघ."

स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : निर्दोष.

मंजिरीने स्क्रीनकडे पाठ फिरवली. तो शब्द स्क्रीनवर आणणारी आज्ञावली तिनेच लिहिली होती.

*

उनवलीला पूर्वी एक गरम पाण्याचं कुंड होतं, एवढीच त्या गावाची कीर्ती. कोळशाची वीज बंद होऊन आता सहा वर्षं झाली होती आणि त्याच कुंडाखालच्या तापलेल्या खडकावर तीन तालुके दिवे लावत होते. रीत साधी होती. एका विहिरीतून कार्बन डायऑक्साइड वायू खाली दाबायचा, दोनशे अंशांच्या खडकातून फिरवायचा, आणि दुसऱ्या विहिरीतून तो फणफणत वर आला की त्याच्यावर टर्बाइन फिरवायचं. या दुसऱ्या विहिरीच्या तळाशी पाइपात ते टूल बसतं. टूल म्हणजे एक झडप. टूल आणि पाइप यांच्यामधली फट एक रिंग अडवून धरते. रिंग केवढी, तर फुलक्याएवढा घेर आणि अंगठ्याएवढी जाडी. तिच्यावर दाब केवढा, तर अंगठ्याच्या नखावर एक दांडगी म्हैस उभी राहावी एवढा.

एवढ्या दाबाखाली वायू रबराच्या आत शिरतो. रबर आपल्याला घट्ट दिसतं, वायूला ते सुती कापडासारखं असतं. खाली असेपर्यंत हा वायू गपगुमान बसतो. पण रिंग भर्रकन वर आणली, की बाहेरचा दाब पडतो आणि आतला वायू फुगतो. सोड्याची बाटली हळूहळू उघडली तर काही होत नाही, एका झटक्यात उघडली तर अंगावर येते, तसंच. रबराला आतून फोड येतात. म्हणूनच जगभर नियम होता की एकदा वर आलेली रिंग पुन्हा खाली जाणार नाही. मांडवकर तर वर आलेली प्रत्येक रिंग स्वतःच्या हाताने कापून टाकत, म्हणजे कुणाला मोहच नको.

आणि मग मंजिरीने 'अक्षत' बनवली. अकरा वर्षं घालवून. या रबरातल्या साखळ्यांच्या टोकांना जणू हात होते. तुटलेली साखळी शेजारच्या साखळीचा हात धरायची. भेग पडली तर दोन-तीन तासांच्या उबेत बुजून जायची. शिवाय रबरात वीज वाहणारी बारीक पूड होती. भेग पडली की विजेची वाट तुटायची आणि रिंग स्वतःच वर कळवायची, भरून आली की तेही कळवायची. रिंग कापायची गरज उरली नाही. सुटी रिंग कपाटात ठेवायची गरज उरली नाही. सील तपासनिसाची सही तर मंजिरीच्याच सूचनेवरून रद्द झाली, कारण रिंग स्वतःच स्वतःचा दाखला देत होती. देशातल्या एक्केचाळीस विहिरींत आज अक्षत बसलेली होती.

फक्त एक झालं. माणसं सैलावली. उनवलीत कुठल्याही निष्काळजीपणाला आता एकच उत्तर होतं : येईल भरून. पाइप आपटला, येईल भरून. थांबे न घेता टूल ओढलं, येईल भरून. कॅन्टीनवाल्याने आमटी करपवली तेव्हाही कुणीतरी तेच म्हणालं आणि सगळे हसले. मंजिरीही हसली होती, हे सांगायला हवं.

सगळ्यात अवघड गेलं होतं मांडवकरांना पटवणं. दोन वर्षं ते मान हलवत राहिले. मंजिरी त्यांच्यासमोर रिंगला चिरा पाडायची, ती भरून आलेली दाखवायची, पुन्हा पाडायची. शेवटी म्हातारा वळला तो असा वळला, की आता खुद्द मंजिरीलाही अक्षतविरुद्ध बोलू देईना.

आणि बोलायला आता कारण होतं. दहा दिवसांपूर्वी चिपळूणच्या आपल्या प्रयोगशाळेत तिने एका रिंगेवरचा दाब मुद्दाम अडीच तासांत उतरवला. दाखला आला, निर्दोष. तिने सहज म्हणून ती रिंग कापली, आणि आत फोडच फोड होते. झालं होतं ते असं : फोडांच्या भिंती भरून आल्या होत्या, विजेच्या वाटा फोडांना वळसा घालून पुन्हा जुळल्या होत्या. रिंगेच्या मते सगळं ठाकठीक होतं. फोड मात्र आपापल्या जागी बंद खोल्यांसारखे राहिले होते. पुन्हा खाली गेल्यावर दाबाने ते चेपतात, आठवड्या-दोन आठवड्यांत एकमेकांना मिळतात, आणि एक दिवस आरपार भोक पडतं.

असं भोक मागच्या वर्षी याच विहिरीत पडलं होतं. खंडेनवमीनंतर पाच आठवड्यांनी. निसटलेला वायू पाइपाबाहेरच्या फटीतून वर चढला आणि चौथऱ्यावर फुटला. अंकुश रहाटे नावाच्या फिटरचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. टूल वर काढेपर्यंत रिंग भरून आलेली होती. तेव्हा चौकशीत असं ठरलं, की रिंग निर्दोष, ती पिळून बसवली असणार, दोष बसवणाऱ्याचा. अंकुशची नोकरी गेली. त्या चौकशी अहवालाखाली सही होती मंजिरी खातूची.

हे तिने तीन पत्रांपैकी एकातही लिहिलं नव्हतं. लिहायचं राहिलं, असं ती मनाशी म्हणत होती. राहिलं म्हणजे तिनेच ठेवलं.

*

केंद्रप्रमुख कौस्तुभ शेजवलकर चाळिशीचा, सरळ माणूस होता. मंजिरीला तो खलनायक असता तर बरं वाटलं असतं. त्याच्याशी निदान भांडता आलं असतं.

"चार वाजता टूल खाली सोडतोय, मॅडम," तो म्हणाला. "सहाला वीज सुरू करायचीय."

"ही रिंग खाली जाता कामा नये. आत फोड आहेत."

"दाखला निर्दोष आहे."

"दाखला काय बघतो आणि काय बघत नाही ते मला माहितीय! मीच लिहिलाय तो."

"मग एक्स-रे काढू."

"पुण्याला नऊ दिवसांची रांग आहे. विचारलं मी."

"बरं, दुसरी रिंग बसवू. आहे?"

"नाही," मंजिरी म्हणाली. एक रिंग घडवायला एकोणीस दिवस लागत.

"सुटी रिंग ठेवण्याची आवश्यकता नाही," शेजवलकर पाठ केल्यासारखं म्हणाला. "तुमच्याच माहितीपत्रकातलं वाक्य आहे, पान दुसरं. टोमणा नाही मारत मी. पण एकोणीस दिवस केंद्र बंद ठेवायचं तर मला कारण लागेल. बंदरावर बर्फाचे सात कारखाने आपल्या विजेवर आहेत. ऐन हंगामातली मासळी सडेल. आणि मी काय सांगू? रिंग निर्दोष आहे, पण जिने बनवली तिला ती आवडत नाही?"

आपलेच दात, आपलेच ओठ. मंजिरी दार आपटून बाहेर पडली. दार आपटलंही नाही. ते आपोआप हळू बंद होणारं होतं.

*

सीलच्या खोलीत मांडवकरांनी टूलवरून रिंग उतरवून ठेवली होती आणि तिच्यावरचं कुंकू ते फडक्याने पुसत होते.

"काका, मला ही कापायचीय."

"काप की," मांडवकर म्हणाले. "टूल माज्या ताब्यात हाय, मी सांगतो, काप. तुजं समादान होऊ दे. चारपत्तूर भरून येतीय का नाय बघ!"

त्यांचा हा विश्वास तिनेच दोन वर्षं खपून उभा केला होता. तिला रडू येण्याइतका राग आला. कुणाचा, ते ठरवायला वेळ नव्हता.

तिने रिंग चार ठिकाणी कापली. पहिला तुकडा दिव्याखाली धरला. काळ्या रबराच्या कापलेल्या तोंडावर मोहरीहून बारीक खड्डे होते, मधोमध दाट, कडेला विरळ. मांडवकरांनी चष्मा लावला. तुकडा हातात घेतला. दुसरा घेतला. चारही पाहिले.

"ह्ये काय?"

"फोड. वायू फुगून आलेले. अडीच तासांत वर ओढली म्हणून."

"वीस तास लावले आसते तर?"

"नसते आले."

मांडवकरांनी तुकडा खाली ठेवला. मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "ह्या साली मी. मागल्या साली बी मीच. दोन तास चाळीस मिन्टं. लोक टाळ्या वाजवत व्हते." मोजणारा हात थांबला. "अंकुश," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

"आधी आजचं बघू, काका," मंजिरी घाईघाईने म्हणाली. "सहा माणसं चौथऱ्यावर उभी राहणार आहेत. ते आधी थांबवू. मागचं मग बघू."

मांडवकरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

फोटो काढून उपयोग नव्हता. घरबसल्या कुणीही हवा तो फोटो बनवू लागल्यापासून तपासणीत फोटो धरत नसत. जबाबदार माणसाने डोळ्यांनी पाहावं लागे. शेजवलकर वीजखात्याच्या पाहुण्यांना आधी केंद्र दाखवून मग त्यांच्याबरोबर जेवायला बसणार होता. दीडच्या आत उठणार नव्हता. तेव्हा मंजिरीने चारही तुकडे ट्रेमध्ये नीट मांडून ठेवले. कुठला तुकडा कुठला ते पाहणाऱ्याला कळावं म्हणून मूळ रिंगेच्या क्रमाने, गोल, टोकाला टोक लावून. ही तिची विद्यार्थिदशेपासूनची शिस्त. धूळ बसू नये म्हणून वर झाकण ठेवलं, खिडकी लावून घेतली, आणि ती शेजवलकरला गाठायला भोजनगृहाबाहेर जाऊन उभी राहिली. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं.

तो यायला पावणेदोन वाजले. मंजिरीने झाकण उचललं.

ट्रेमध्ये एक सबंध रिंग होती.

शेजवलकरने रिंगेकडे पाहिलं, मंजिरीकडे पाहिलं. "कापली कुठे, मॅडम?"

मंजिरीने रिंग उचलली, दोन्ही हातांनी ताणली. सुटेना. सांधे कुठे होते तेही दिसेना. पावणेतीन तासांच्या उबेत चारही टोकांनी एकमेकांचे हात धरले होते. अगदी तिने अकरा वर्षं खपून शिकवलं होतं तसं. आपण केवढा गाढवपणा केला ते तिला एका क्षणात कळलं, आणि तिने ट्रे जमिनीवर फेकून दिला.

"चार तुकडे होते! चार! मी स्वतः केले!"

"चार तुकडे केलेत आणि ही अशी जुळली?" शेजवलकरचा आवाज बदलला. त्याने रिंग तिच्या हातातून घेतली, उजेडाकडे नेली, फोन काढला. "अहो, हे ग्रेटच आहे! पाहुणे अजून इथेच आहेत. त्यांना दाखवतो." आणि तो रिंगेचे सगळ्या बाजूंनी फोटो काढू लागला. पुराव्याला न चालणारा फोटो जाहिरातीला मात्र चालतो.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मंजिरीने सुरी उचलली. "द्या इकडे. तुमच्यासमोर पुन्हा कापते. आतले फोड कुठे जात नाहीत."

शेजवलकरने रिंग छातीशी धरली. "एकुलती एक रिंग आहे. एकदा कापलीत, माझ्या नकळत, तेही मी विसरतो. आता नाही." मग तो दारापाशी येऊन थांबलेल्या मांडवकरांकडे वळला. "काका, तुम्ही होतात ना इथे? तुम्ही पाहिलंत फोड?"

मंजिरीने सुरी खाली ठेवली. मांडवकर उभे होते, चष्मा शर्टाच्या खिशात होता.

"माजी नजर आता साठीची, सायेब," ते म्हणाले. "काळ्यात काळं. काय सांगू?"

*

तिने त्यांना कॉम्प्रेसरच्या शेडमागे गाठलं.

"खोटं बोललात! चारही तुकडे हातात घेऊन पाहिलेत तुम्ही!"

"पाह्यले."

"मग?"

"मग काय?" मांडवकर पहिल्यांदाच चिडले. "फोड पाह्यले म्हनून सांगितलं, तर ते आले कशानं तेबी सांगावं लागंल. मी ओढली म्हनून आले. मग मागल्या साली कशानं आले? अंकुशला काढल्याचं पत्र घेऊन त्याच्या घरी मी गेलतो, बाय. पोरगा सांगत व्हता, काका, मी तेल लावून, सरळ बसवली व्हती. मी त्याला म्हनलं, रिंग खोटं बोलत नाय. त्याच्या आईसमोर म्हनलं!" त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आनि रिंग खोटं बोलत नाय ह्ये मला कुनी शिकवलं?"

मंजिरीकडे उत्तर होतं. सकाळपासून ती सगळ्यांकडे उत्तरं मागत फिरत होती, आणि आता स्वतःचं एक द्यायची वेळ आली तर जीभ रेटेना.

"माझ्या अहवालाचं मी बघेन," ती शेवटी म्हणाली. "नंतर. पण आज तरी—"

"नंतर," मांडवकर म्हणाले, आणि चौथऱ्याकडे चालू लागले.

*

पावणेचार वाजता टूल क्रेनला लटकत होतं. रिंग तिच्या जागी बसलेली होती. खालच्या सहा माणसांनी शिरस्त्राणं चढवली होती, त्यांतल्या एकाने माळेतलं झेंडूचं फूल शिरस्त्राणाला खोवलं होतं. चौथऱ्याच्या कठड्याला नोंदयंत्र टांगलेलं होतं. त्याच्याशी बोलायचं, ते लिहून घेतं, विचारायचं ते विचारतं. त्याचा आवाज बाईचा होता आणि मराठी वर्तमानपत्रातलं.

"टूल खाली सोडण्यास संमती द्यावी," नोंदयंत्र म्हणालं.

"नाय देत," मांडवकर म्हणाले.

शेजवलकर दचकला. "काका, काय हे? तुम्ही नाही म्हणालात तर मला स्वतः संमती द्यावी लागेल. सहाला वीज जायला हवी."

"द्या तुमी. आधी माजी नोंद होऊ दे." मांडवकर नोंदयंत्राच्या अगदी जवळ गेले, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसे मोठ्याने बोलू लागले. "लिव. रिंगेत फोड हायेत. मी डोळ्यांनी पाह्यले. घाईनं वर वढल्यानं आले. मी वढली. मागल्या साली बी घाईनं वढली, मीच. अंकुश रहाट्यानं रिंग बरोबर बसवली व्हती. दोष बसवनाऱ्याचा नाय."

मंजिरी कठड्यापाशी सरकली. हेच तर तिला सकाळपासून हवं होतं. आता थांबेल, तिला वाटलं, आता सगळं थांबेल.

"ही नोंद मागील चौकशी अहवालाशी विसंगत आहे," नोंदयंत्र म्हणालं. "अहवालानुसार रिंग निर्दोष होती. अहवाल कायम असेपर्यंत ही नोंद ग्राह्य धरता येत नाही. अहवालाच्या सादरकर्त्या : मंजिरी खातू. त्या उपस्थित आहेत. अहवाल मागे घ्यायचा आहे का?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"अहवाल मागे घेतल्यास," नोंदयंत्र त्याच शांत आवाजात पुढे म्हणालं, "सर्व एक्केचाळीस विहिरींतील अक्षत रिंगा फेरतपासणीपर्यंत वापरातून काढाव्या लागतील."

शेजवलकर झटकन तिच्याजवळ आला. "मॅडम, थांबा," तो अगदी हळू म्हणाला. "एक्केचाळीस विहिरी. तुमची अकरा वर्षं. ऐका माझं. मी ही विहीर बंद ठेवतो. एकोणीस दिवस. बर्फवाल्यांच्या शिव्या मी खातो, कारण मी शोधतो. नवी रिंग येईल, ती वीस तासांनीच वर काढू. तुम्हाला हवं होतं ते सगळं देतो. फक्त अहवालाला हात लावू नका."

आणि हे सगळं खरोखरच तिला हवं होतं ते होतं. टूल खाली जाणार नव्हतं. सहा माणसं घरी जाणार होती. उरलेल्या चाळीस ठिकाणी उद्या कुणाकुणाला कसली कसली घाई होईल, ती पत्रं लिहील, समजावील, हळूहळू सगळे सावध होतील. कुणाचं काही बिघडत नव्हतं. एका माणसाचं बिघडलं होतं तेवढंच राहत होतं. 'बरं' असा शब्द तिच्या ओठांवर आलासुद्धा, आणि तो किती सहज आला ते पाहून तिला स्वतःचीच शिसारी आली.

मांडवकर तिच्याकडे पाहत नव्हते. ते टूलकडे पाहत होते. त्यांचं काम झालं होतं.

"उत्तर नोंदवावे," नोंदयंत्र म्हणालं. "अहवाल मागे घ्यायचा आहे का?"

"हो," मंजिरी म्हणाली.

शेजवलकरने डोळे मिटले. क्रेनवाल्याने कुणी न सांगताच टूल हळूहळू जमिनीवर टेकवलं.

"कारण सांगावे."

"तांत्रिक त्रुटी," ती म्हणाली, आणि थांबली. नोंदयंत्राने ते दोन शब्द लिहून घेतले होते. "नाही. ते खोड."

"खोडले. कारण सांगावे."

"मागच्या वर्षी ती रिंग माझ्या टेबलावर होती," मंजिरी म्हणाली. "सुरी शेजारीच होती. स्क्रीनवर निर्दोष आलं, आणि मला तेच हवं होतं. मी रिंग कापली नाही. मी अंकुशला कापलं."